रात्रीचा बॅकअप आहे, पण आजच्या पट्ट्यांचं काय? (डेटाबेस बसला, मदत हवी)

आडत_गाळा | ९ जानेवारी, रात्री ८:१२

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या मार्केट यार्डात काकांचा कांद्याचा गाळा आहे, तिथलं कॉम्प्युटरचं मी बघतो. शिक्षण बी.कॉम., बाकी सगळं बघून बघून शिकलेलं, त्यामुळे सांभाळून घ्या.

आज ४ वाजून १० मिनिटांनी लाइट गेली. यूपीएसनं एक शिट्टी मारली आणि तोही गेला. (बॅटरी बदलायची म्हणून दिवाळीपासून म्हणतोय.) लाइट आल्यावर सर्व्हर चालू झाला, पण सॉफ्टवेअर उघडेना. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. त्यांच्या मुलानं रिमोटनं तासभर खटपट केली आणि काल रात्री ११ चा बॅकअप टाकून दिला. आता उघडतंय, पण सगळं कालपर्यंतचंच. आजच्या तीनशेच्या वर पट्ट्या (शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाची देतो ती चिठ्ठी), शेतकऱ्यांच्या उचली, हमाली-तोलाई, खरेदीदारांची बिलं, काही म्हणजे काही नाही. तो म्हणतो, "बॅकअपच्या पुढचं परत येत नसतं, हातानं टाका."

डेटाबेस मायएसक्यूएल ८.० आहे, विंडोजवर. खरंच मिळत नसतं का? उद्या सकाळी परत लिलाव आहे.

लाइट_गेली | रात्री ८:१५

यूपीएसला श्रद्धांजली.

विजापूर_वेस | रात्री ८:२१

नाही मिळत भाऊ. आमच्या दुकानात असंच झालं होतं. दोन पोरं बसवली, दोन रात्रीत सगळी बिलं परत टाकली. कॉम्प्युटरवाल्याच्या नादाला लागून वेळ घालवू नका, आत्ताच बसा.

बिनलॉग_बुवा | रात्री ८:३४

थांबा, थांबा. कोणी काही टाकू नका.

आधी एकच सांगा: त्या मुलानं बॅकअप टाकला म्हणजे नेमकं काय केलं? जुना डेटाचा फोल्डर पुसला, का नाव बदलून बाजूला ठेवला? मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग, म्हणजे बिनलॉग, मुळातच चालू असतो (५.७ पर्यंत तो आपण चालू करावा लागायचा). मुद्दाम बंद केला नसेल तर आज सकाळपासून ४:१० पर्यंत डेटाबेसमध्ये जो जो बदल झाला, तो क्रमानं त्या फाइलीत लिहिलेला आहे. काल रात्रीचा बॅकअप आणि त्यावर आजचा बिनलॉग, एवढं मिळालं की काम झालं. पण बिनलॉग सहसा डेटाच्याच फोल्डरमध्ये असतो. फोल्डर पुसला असेल तर मात्र बोंब.

आडत_गाळा | रात्री ८:४९

बघितलं. प्रोग्रामडेटामध्ये 'डेटा' नावाचा नवा फोल्डर आहे आणि शेजारी 'डेटा_ओल्ड'. तो मुलगा जाताना म्हणाला होता, "डिस्क भरत आलीय, ओल्डवालं उद्या उडवा."

बिनलॉग_बुवा | रात्री ८:५१

उडवू नका!!

ते सोनं आहे. आत्ताच्या आत्ता पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपीवर काम करायचं, मूळ प्रतीला हात नाही. आत शेवटी 'बिन' आणि सहा आकडे असलेल्या फाइली दिसतात का, त्यांची यादी आणि तारखा-वेळा टाका. शिवाय डॉट ईआरआर अशी एक फाइल असेल, चुका नोंदवणारी, तिच्या शेवटच्या वीस ओळी वाचा.

शेंगाचटणी | रात्री ८:५८

बुवा आले म्हणजे आता धागा शंभरी गाठणार. मी कडक भाकरी घेऊन बसलो.

अक्का_जुळे_सोलापूर | रात्री ९:१०

एक शंका. लाइट जाणं काही नवीन नाही, डेटाबेस स्वतःच सावरतो असं आम्हाला शिकवलं होतं. मग इथे का नाही सावरला? आणि स्वतः सावरतो तो लॉग आणि हा बिनलॉग, एकच का?

बिनलॉग_बुवा | रात्री ९:३१

अक्का, दोन वेगळे. मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवायचं काम इनोडीबी करतं, त्याचा स्वतःचा रीडू लॉग असतो. बदल आधी तिथे लिहितो, मूळ डेटा फाइलीत नंतर सवडीनं. मध्येच लाइट गेली तर पुन्हा चालू होताना रीडू वाचून अर्धवट राहिलेलं पुरं करतो, ज्याचं कमिट झालं नव्हतं, म्हणजे जे पक्कं झालं नव्हतं, ते मागे घेतो. हे आपोआप होतं. पण डेटा फाइलच जागेवर शाबूत आहे, असं तो धरून चालतो. पानच फाटलं असेल तर त्याचा इलाज चालत नाही. साध्या एसएसडीत हे होतं. डिस्क म्हणते "लिहिलं", पण असतं तिच्या तात्पुरत्या मेमरीत, आणि लाइट गेली की ते हवेत.

बिनलॉग त्याच्या वरच्या पातळीवर आहे. कोणत्या टेबलात कोणती ओळ आली, बदलली, गेली, एवढंच त्यात. म्हणून तो जुन्या बॅकअपवर पुन्हा चालवता येतो. रीडू तसा चालवता येत नाही. शिवाय त्याची जागा फिरून फिरून वापरली जाते, कालचा आज नसतो.

खतावणी | रात्री ९:५२

मी या क्षेत्रातला नाही. चाळीस वर्षं नवी पेठेत दिवाणजी होतो, लेकानं हा धागा दाखवला. तुम्ही जे सांगताय ते आमच्याकडे होतंच की. व्यवहार झाला की आधी कीर्द, रोजच्या रोज क्रमानं. कीर्दीवरून मग सवडीनं खतावणी, ज्याच्या त्याच्या खात्यात. खतावणीला पाणी लागलं, उंदरानं खाल्ली, तरी रडायचं नाही. मागच्या शिलका धरायच्या आणि कीर्द पुन्हा खतवायची. तुमचा बॅकअप म्हणजे आमची मागची शिल्लक.

आणि कीर्दीत खाडाखोड नसते. चूक झाली तर उलटी नोंद.

पुण्यात_अडकलेला | रात्री १०:०४

दिवाणजीकाका, दंडवत. कॉलेजात चार लेक्चरं ऐकून जे कळलं नव्हतं ते पाच ओळीत कळलं. अभ्यासक्रमात याला 'एरीज' म्हणतात. १९९२ चा आयबीएमचा शोधनिबंध आहे, सी. मोहन आणि मंडळींचा. हे मोहन आपल्याकडचेच, आयआयटी मद्रासचे. आज बहुतेक मोठे डेटाबेस कमी-जास्त त्याच वाटेनं जातात. आधी लॉग, मग डेटा.

फक्त एक फरक. तुमची कीर्द वर्षानुवर्षं माळ्यावर राहते. मायएसक्यूएल ८.० चा बिनलॉग कोणी काही बदललं नसेल तर ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो.

आडत_गाळा | रात्री १०:१७

कॉपी झाली. बिनच्या फाइली आहेत! शेवटची ०००२११, वेळ आज ४:०९. तिच्या आधीची ०००२१०, ती ५ तारखेला बंद झालेली. ५ ला मी सर्व्हर रीस्टार्ट केला होता. ईआरआर फाइलीत शेवटी 'पेज करप्शन' आणि बरंच काही आहे, मधे कुठेतरी 'फोर्स रिकव्हरी' दिसतंय.

मायएसक्यूएलबिनलॉग नावाचा प्रोग्राम चालवला तर पडद्यावर नुसता कचरा येतोय.

विजापूर_वेस | रात्री १०:२०

मी म्हटलं नव्हतं?

बिनलॉग_बुवा | रात्री १०:३८

तो कचरा नाही. ८.० मध्ये बिनलॉग 'रो' पद्धतीनं लिहिला जातो, म्हणून बेस-६४ च्या गाठोड्यात दिसतो. व्हर्बोज आणि डिकोड-रोज हे दोन पर्याय लावा, प्रत्येक इन्सर्ट वाचता येईल. पण ते फक्त वाचायला. चालवताना डिकोड-रोज लावायचं नाही, नाहीतर सगळ्या ओळी शेरे म्हणून जातील आणि एकही पट्टी येणार नाही.

तुमचं नशीब चांगलं. सर्व्हर दर वेळी चालू झाला की नवी बिन फाइल उघडतो, म्हणजे आजचा सगळा दिवस ०००२११ मध्येच.

आता क्रम. घरच्या लॅपटॉपवर तीच मायएसक्यूएल ८.० टाका, तिथे कालचा बॅकअप चढवा, मग २११ मधला काल रात्री ११ च्या पुढचा भाग चालवा. दुकानाच्या सर्व्हरवर प्रयोग नकोत. आणि फोर्स रिकव्हरीचा (बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीनं उघडायच्या सोयीचा) आकडा कोणी ४ किंवा त्याच्या वर नेला असेल तर त्या डेटा फाइली आता तशाच राहू देत. ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, हे मायएसक्यूएलवाले स्वतःच लिहून ठेवतात.

दुबईत_सोलापूरकर | रात्री १०:४४

मला पाठवा, मी इथून चालवून देतो. सुट्टीवरच आहे.

बिनलॉग_बुवा | रात्री १०:४७

मोठं मन आहे साहेब, पण एक लक्षात ठेवा. स्टार्ट-डेटटाइम, म्हणजे कुठून चालवायचं ती वेळ, ज्या मशीनवर चालवता त्याच्या घड्याळानं धरला जातो. तुमच्या लॅपटॉपवर रात्रीचे ११ म्हणजे सोलापुरात साडेबारा. दीड तासाच्या नोंदी गायब.

दुबईत_सोलापूरकर | रात्री १०:४९

बरं झालं सांगितलं. मी चटणी पाठवायचं काम करतो. नाही, चटणी तर तुम्हीच मला पाठवा.

हॉटगी_रोड | रात्री ११:०६

थोडं अवांतर. मी एका दवाखान्याचं बघतो, तिथे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आहे. तिकडे याच गोष्टीला रिकव्हरी मॉडेल म्हणतात. 'सिंपल' असेल तर बॅकअपच्या पुढचं विसरा. 'फुल' असेल तर लॉगचे बॅकअप घेत जायचं, आणि अपघात झाला की सगळ्यात आधी शेवटच्या तुकड्याचा, टेल-लॉगचा, बॅकअप. मग फुल बॅकअप 'नो रिकव्हरी'नं चढवायचा, एकामागून एक लॉग आणि शेवटी 'स्टॉप ॲट' देऊन हव्या त्या मिनिटाला थांबायचं.

आमच्याकडे आधीच्या माणसानं फुल ठेवलं होतं, पण लॉगचा बॅकअप एकदाही नाही. लॉग फुगत फुगत डिस्क भरली. मग कोणीतरी शहाण्यानं सिंपल करून टाकलं आणि "प्रॉब्लेम सॉल्व्ह" म्हणून चहा प्यायला गेला.

पुण्यात_अडकलेला | रात्री ११:१५

हसू नका, पोस्टग्रे या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचंही तेच. त्यांच्या अशाच लॉगच्या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. लोकांना वाटायचं, लॉगच तर आहे, उडवा, जागा होईल. उडवला की डेटाबेस गेला. शेवटी १० व्या आवृत्तीत त्याचं नाव पीजी_वॉल केलं.

आणि बॅकअप घेताय म्हणून निर्धास्त असाल तर गिटलॅबचा (लोकांचे प्रोग्राम सांभाळणारी वेबसाइट) किस्सा वाचा. ३१ जानेवारी २०१७. चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर उडवला, ३०० जीबीच्या आसपास. मग बघतात तर पाच प्रकारच्या सोयी होत्या आणि वेळेला एकही धड चालेना. डम्पचा, म्हणजे डेटाबेसची प्रत काढायचा, प्रोग्राम वेगळ्या आवृत्तीचा, म्हणून बॅकअप कधीपासून अपयशी, आणि त्याच्या मेल कोणाला मिळत नव्हत्या. कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर निभावलं. सहा तासांचा डेटा गेलाच. पण त्यांनी हे सगळं जगासमोर उघड सांगितलं, याचं मला जास्त कौतुक.

चादर_टॉवेल | रात्री ११:२२

क्लाउडवर टाका ना सगळं, कशाला एवढी कटकट. किंवा दुसरा सर्व्हर ठेवा, रेप्लिका. हा गेला की तो चालू.

हॉटगी_रोड | रात्री ११:२९

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे हो. यंत्र मेलं तर उपयोगी. पण पोरानं चुकून सगळ्या पट्ट्या डिलीट केल्या तर रेप्लिकाही आज्ञाधारकपणे त्याच डिलीट करणार.

चादर_टॉवेल | रात्री ११:३१

पोराला मायएसक्यूएलच्या जवळ जाऊच कशाला द्यायचं बे?

टॅली_प्रेमी | रात्री ११:४०

माझं टॅली उघडेना, 'मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन' येतंय, याच धाग्यावर विचारू का?

लाइट_गेली | रात्री ११:४१

नको. नवीन धागा काढा.

आडत_गाळा | १० जानेवारी, रात्री १२:५५

लॅपटॉपवर बॅकअप चढला. बिनलॉग ११:००:०० पासून चालवला आणि पहिल्याच फटक्याला अडकला. एरर १०६२, डुप्लिकेट एंट्री. आवक टेबल.

चादर_टॉवेल | रात्री १२:५८

फोर्स लाव. चुका ओलांडून पुढे जाईल.

बिनलॉग_बुवा | रात्री १:०९

फोर्स अजिबात नको. एक चूक ओलांडाल, तिच्या मागून कोणत्या चुका ओलांडल्या गेल्या ते कळणारच नाही. काका शेतकऱ्याला पैसे देणार आणि एका पट्टीचं वजन चुकलेलं असणार.

तुमचा बॅकअप अकराच्या ठोक्याला सुरू होत नाही. टास्क शेड्युलर जागा होणार, प्रोग्राम चालू होणार, टेबलांना कुलूप लागणार, यात दोन-चार सेकंद जातात. त्या फटीत काही आलं असेल तर ते बॅकअपमध्येही आहे आणि बिनलॉगमध्येही. रात्री अकराला तुमच्याकडे कोण काय टाकतं?

आडत_गाळा | रात्री १:१४

गेटवर आवक नोंद! कांद्याच्या गाड्या रात्रीच येतात. रखवालदार गाडी नंबर आणि पिशव्या टाकतो.

बिनलॉग_बुवा | रात्री १:२०

सापडलं. बॅकअपमधली शेवटची आवक कोणत्या नंबरची ते बघा. बिनलॉगमध्ये तोच नंबर शोधा. तो व्यवहार जिथे संपतो त्याच्या पुढची 'पोझिशन', म्हणजे फाइलीतल्या जागेचा आकडा, घ्या आणि वेळेऐवजी स्टार्ट-पोझिशननं चालवा. अर्धवट चढलेला डेटाबेस पुसून बॅकअप पुन्हा पहिल्यापासून चढवा, त्याच्यावरच पुढे नको.

पुढच्या वेळेसाठी: डम्प घेताना सोर्स-डेटा हा पर्याय लावला तर ती पोझिशन डम्पच्या फाइलीतच लिहून येते. ही शोधाशोधच नको.

अक्का_जुळे_सोलापूर | रात्री १:२६

सकाळी लिलाव आहे ना? आता नवीन पट्ट्या कुठे टाकणार? सर्व्हरवरच्या कालच्या डेटात टाकल्या तर त्याच नंबरच्या पट्ट्या दोनदा होतील. पट्टी नंबर ९००१ पासून सुरू करा, नंतर जुळवता येईल.

आडत_गाळा | सकाळी ६:४०

अक्का, काकांना विचारलं. म्हणाले, "१९९८ पर्यंत हातानंच करत होतो की, एक दिवस कर." आज पट्टी बुकावर. मुनीम खुशीत आहेत, त्यांचं अक्षर कोणी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

खतावणी | सकाळी ९:१५

कार्बन घालायला विसरू नका.

आडत_गाळा | रात्री ९:०५

मंडळी, मिळालं!

बॅकअप पुन्हा चढवला, पोझिशन शोधली (४० मिनिटं गेली, पण शोधली), बिनलॉग चालवला, एकही एरर नाही. काल कार्बनवर ३१७ पट्ट्या होत्या. लॅपटॉपवर ३१४ आल्या. उचल, हमाली, तोलाई, सगळं जुळलं. शेवटच्या तीन नाहीत, तीनही ४:०८ नंतरच्या. मुनीमांनी कार्बनवरून पाच मिनिटांत टाकल्या. पण त्या तीन का गेल्या? लॉग तर लगेच लिहिला जातो ना?

बिनलॉग_बुवा | रात्री ९:२२

माय डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत सिंक_बिनलॉग आणि फ्लश_लॉग_ॲट... या दोन ओळी बघा. दोन्हींचा आकडा मुळात १ असतो. म्हणजे कमिट झालं की लॉग डिस्कवर उतरवल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही.

आडत_गाळा | रात्री ९:३०

सिंक_बिनलॉग ०. दुसरी २. सॉफ्टवेअरवाल्यांनी इन्स्टॉल करताना टाकलंय, शेजारी शेरा आहे: 'फास्ट'.

शेंगाचटणी | रात्री ९:३२

फास्टच गेल्या की तीन पट्ट्या.

बिनलॉग_बुवा | रात्री ९:४४

० म्हणजे विंडोजला वाटेल तेव्हा डिस्कवर उतरणार. दिवसाला तीनशे पट्ट्यांच्या दुकानाला ही घाई कशाला हवी होती, ते त्यांनाच माहीत. दोन्ही १ करा. बिनलॉग वेगळ्या डिस्कवर न्या. काल फोल्डर वाचला म्हणून हे जमलं; डिस्कच जळाली असती तर बॅकअपही तिथेच होता ना?

आडत_गाळा | रात्री ९:४८

...हो. डी ड्राइव्हवर. तीच डिस्क.

हॉटगी_रोड | रात्री ९:५१

सी आणि डी म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्या. घर पडलं की दोन्ही पडतात.

विजापूर_वेस | रात्री १०:०२

मानलं बुवा. माझ्या दोन रात्री आणि त्या पोरांचं जेवण, सगळं वाया गेलं म्हणायचं. आमचं मायएसक्यूएल ५.७ आहे, त्यात हा लॉग चालू आहे का कसं बघायचं?

बिनलॉग_बुवा | रात्री १०:०८

शो व्हेरिएबल्स लाइक, आणि मग लॉग_बिन. ऑफ आलं तर उद्या सकाळी फोन करा. तुमचा नंबर माझ्याकडे आहे, आपण एकाच गल्लीत राहतो काका.

विजापूर_वेस | रात्री १०:११

अरे, तू होय!

आडत_गाळा | ११ जानेवारी, दुपारी २:३०

आजपासून सर्व्हर पूर्ववत. यूपीएसची बॅटरी आली. त्या मुलाला फोन केला, सगळं सांगितलं. म्हणाला, "सर, ही प्रोसिजर मला मेल करा ना." केली.

गड्ड्याची जत्रा झाली की रविवारी दुकान बंद असताना लॅपटॉपवर पुन्हा एकदा बॅकअप चढवून बघणार आहे. काका विचारतात, "चालतंय तर पुन्हा कशाला?"

खतावणी | दुपारी ३:०५

काकांना सांगा, तेरीज, म्हणजे जमा-नावे जुळतंय का ते बघायचा तक्ता, का मांडतात म्हणून.

टॅली_प्रेमी | दुपारी ३:१०

नवीन धागा काढला आहे, कोणीच उत्तर देईना.